पाव दाबाची जागा

सायनच्या पुलावर गाडी एकदम रांगायला लागली,
पेडल तळाला टेकवलं तरी वीसच्या पुढे जाईना,
रांगणेकर बाई सांगत होत्या.
आधी दोन गॅरेजं झाली होती.
एकाने थ्रॉटल बॉडी बदलली,
दुसऱ्याने नुसता कोड पुसला आणि चहा पाजला.

मी स्कॅनर लावला. पुन्हा तोच कोड:
दोन सेन्सरचा मेळ नाही.

एकाच पेडलला दोन साक्षीदार असतात, बाई.
पाय किती खाली गेला ते दोघांनी सांगायचं.
पहिला दीड व्होल्ट म्हणाला
तर दुसऱ्याने पाऊणच म्हणायला हवं.
जबाब फिरला की कॉम्प्युटर कुणाचंच ऐकत नाही,
गाडीला रांगतं ठेवतो.
"चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते मी," त्या म्हणाल्या,
"तिथे असं नव्हतं."

कनेक्टर कोरडा. पिना लख्ख.
पाच व्होल्ट येतायत, अर्थ ठीक.
मग अँटॉप हिलच्या त्या उन्हात
स्टिअरिंगखाली डोकं घालून पडलो, मल्टिमीटर बाहेर तौफिकच्या हातात,
आणि तळहाताने पेडल दाबत गेलो
सावकाश,
दुखरं पोट दाबून बघतात तसं.
तौफिक वाचत होता: पाऊण... एक... सव्वा...
"उस्ताद, गेला!"
पाव दाबावर आकडा शून्याला टेकला,
आणि केसभर पुढे सरकताच उठून बसला.
तिथून वर पावणेचारपर्यंत एकदम सरळ.

पेडल काढलं. टोपण करवतीने कापलं.
गरज नव्हती, मला बघायचं होतं.
आत कार्बनची काळी पट्टी, कमानीसारखी,
आणि एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या,
घासून घासून खालचं पांढरं उघडं पडलेलं.
चेंबूर ते फोर्ट, फोर्ट ते चेंबूर, अकरा वर्षं
पाय तेवढ्यावरच.
पुढची सगळी पट्टी कोरी करकरीत.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
"हे पुढचं मी कधी वापरलंच नाही?"
मुंबईत कोण वापरतं, मी म्हणालो.
हसल्या नाहीत.

कुर्ल्याच्या भंगारातून त्याच मॉडेलचं पेडल मिळालं, अठराशेला.
कुठल्या गाडीचं, ते विचारलं नाही.
आधी मीटरवर तपासलं, मग बसवलं.
दोन्ही साक्षीदार एका सुरात.

जुना तुकडा त्यांनी मागून घेतला,
रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला,
आणि फ्रीवेचा चढ कुठून लागतो ते विचारलं.
तौफिक म्हणाला, बाई, तिकडून घर लांब पडेल.
काच वर गेली होती.