फोटोचे पैसे मिळत नाहीत

मालिकेत पद्मिनला मारलं त्या आठवड्यात
रात्री साडेदहाला तिचा फोन आला.
"मुंजाभाऊ, मपला एखादा जुना फोटो आहे का?
हार घालायला पाहिजे."

होता. शहाऐंशीचा, नाट्यस्पर्धेतला, परभणी केंद्र.
आमचा नंबर आला नव्हता.
तिला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं,
त्यावर खंदारेचं खंडारे झालेलं.

मी पाटबंधारे खात्यात कारकून, संध्याकाळी विंगेत प्रॉम्प्टर.
तिचं वाक्य तिच्याआधी माझ्या तोंडात यायचं.
तिसऱ्या अंकात ती थांबली.
मी दोनदा वाक्य दिलं, तिनं घेतलं नाही.
तांब्यातल्या पाण्याकडं नुसती बघत राहिली.
हॉलमधे कुणी खोकलंसुद्धा नाही.
मागं आल्यावर विचारलं, विसरलीस काय गं?
"ठाऊक होतं की. बाईला बोलू वाटंना."

मग ती रात्रीच्या गाडीनं गेली.
तिकडं मिळाल्या मोलकरणी, नर्सा,
पोलीस ठाण्यात पदर धरून उभी आई,
एका सिनेमात आख्ख्या तीन वाक्यांची सुईण
(तिसरं कापलं),
आजारी नटीच्या जागी सव्वा महिना दौरा,
नाटकाच्या बसमधे मागची सीट, सेटच्या पाट्यांशेजारी.

"गावाकडचं बोला जरा," म्हणायचे.
ती म्हणायची, "कामून आलास रे मपल्या दारात?"
असं नको हो, गावाकडचं.
मग ती त्यांच्या गावाकडचं बोलायची.
ते गाव कुठल्याच एस्टीच्या पाटीवर नाही.

शेवटी मालिकेतली आत्या. दोनशे चाळीस भाग.
तेवढ्यात बदलापूरच्या खोलीचे हप्ते फिटत आले,
आणि नायिकेला रडायला कारण हवं झालं.

आता तीन वर्षं ती भिंतीवर आहे.
रोज साडेसातला उदबत्ती.
फोटोचे पैसे मिळत नाहीत.
जिंतूरला तिची थोरली बहीण
तो फोटो आला की टीव्हीवर टॉवेल टाकते.
"जित्या माणसाला हार घालायलेत, मेले."

यंदा उरुसाला आली तेव्हा आमच्याकडं उतरली.
हुरड्याचं ताट मांडीवर घेऊन
स्वतःकडं टक लावून बघत होती.
"ह्यात लई चांगलं काम झालंय.
कॅमेरा अंगावर आला तरी पापणी हालत नाही."

मी तिला सांगितलं नाही,
फोटोच्या डाव्या कडेला, झेंडूखाली,
वही धरलेली चार बोटं दिसतात.
कापायची राहून गेलीत.
घरात आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

नायिका हात जोडून म्हणाली,
आत्या, सांगा ना, मी काय करू?
आणि थांबली.
माझे ओठ हलले असतील,
कारण पद्मिननं न बघताच
माझ्या गुडघ्यावर चापट मारली.
"गप बसा. बोलू वाटंना तिला."

मग म्हणाली, चटणी सरकवा इकडं.