पूर्णवेळ

सिव्हिल लाइन्सला, कलेक्टर कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली
तिवसकर काकांचं टेबल.
टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला,
बोटं मात्र अजून दोनच चालतात.

"गॅप किती?"
दोन वर्षं.
"काय केलं या दोन वर्षांत?"
मी सांगायला तोंड उघडते तर म्हणतात,
"राहू दे बाई, मजकूर ठरलेला असते."

आणि कागदावर उमटतं :
मी, कुमारी सुनयना भाऊराव नखाते,
वय वर्षे एकवीस, राहणार नाईक तलाव, नागपूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोठेही
कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.

सही करते. हसू दाबते.

कळमन्याच्या यार्डात मिरचीचे देठ खुडायला बसलं
की पहिल्या दिवशी कळतं, डोळ्याला हात लावायचा नाही.
दुसऱ्या दिवशी कळतं, रडायचंही नाही,
कारण मग पुसावं लागतं.
हात आधी तेलाने, मग बेसनाने, पाणी सगळ्यात शेवटी.
मुकादमाच्या काट्यात अर्धा किलो कुठे लपतो
तेही महिन्याभरात कळलं.
याची मार्कशीट मिळत नाही.

सेतू केंद्रातल्या मशीनवर अंगठा ठेवला,
मशीन म्हणालं, जुळत नाही.
दुसरं बोट. जुळत नाही.
मुलगा म्हणाला, "ताई, रेषाच नाहीत तुमच्या,"
आणि रुमालाने काच पुसली,
जणू चूक काचेची.
मग ओटीपी.
तो जातो बाबांच्या मोबाइलवर
आणि बाबा ड्यूटीवर, इतवारीत,
सोनेतारणाच्या दुकानापुढे, खांद्यावर बंदूक.
ड्यूटीवर फोन उचलायचा नाही असा नियम.
दहा मिनिटांत आकडे मरतात.
तीनदा मेले.
चौथ्यांदा त्यांनी उचलला, आणि हळू आवाजात
एकेक आकडा असा सांगितला
जसा कोणी तिजोरीचा सांगेल.

बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, "तारण काय?"
एरवी मोठ्या माणसापुढे बाबांना शब्द सापडत नाही.
म्हणाले, "तारण म्हणजे काय ते मले माहीत आहे साहेब,
मी रोज त्याच्याच दारात उभा असतो."
साहेबांनी पेन ठेवला.
"आधी शिष्यवृत्तीचं पाहा," म्हणाले,
"उरलेल्याचं मग बोलू."
चहा मात्र दिला. मला पण.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा, रहिवासाचा,
शाळा सोडल्याचा.
सोडलेल्याचाही दाखला लागतो.
मग स्क्रीनवर एक चौकोन उघडला :
अभ्यासक्रम पूर्णवेळ की अर्धवेळ?
मी थांबले.
आमच्याकडे नळ पाऊण तास,
कूलर रात्रीपुरता,
बाबा बारा तास उभे, तरी कागदावर कंत्राटी,
आई चार घरी अर्धी अर्धी.
पूर्ण वेळ कशाला दिलाय आम्ही?
मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं,
"काहून अडकली बे गाडी?"
मी पूर्णवेळवर बोट ठेवलं.
या मशीनला रेषा लागत नव्हत्या.

अर्ज सादर झाला. छाननी सुरू आहे.
आठवडाभर तेच, महिनाभर तेच.
कॉलेजच्या बाईंनी फीच्या रकान्यात पेन्सिलने लिहिलं,
"अपेक्षित",
आणि वर्गात बसू दिलं.

डी. फार्मच्या दुसऱ्या आठवड्यात
सरांनी काचेच्या बशीत एक वाळली मिरची धरली.
"हिचा तिखटपणा कशात असतो?"
बियांत, म्हणाला सगळा वर्ग.
मी म्हटलं, बियांत नाही सर,
बिया ज्याला चिकटून असतात
त्या पांढऱ्या पडद्यात.
"कुठल्या पुस्तकात वाचलं?"
मी हात बाकाखाली घेतले.
मग वर ठेवले.

काल मेसेज आला.
अर्ज परत. त्रुटी :
आईच्या नावात तफावत.
आधारवर शेवंता, रेशनकार्डावर शेवंताबाई.
आईला वाचून दाखवला.
"बाई कोणी लावलं मले?" तिने विचारलं,
आणि जरा खूश झाली.

उद्या पुन्हा सिव्हिल लाइन्स.
तिवसकर काका, नवीन कागद घ्या.
शेवंता आणि शेवंताबाई
या दोन्ही एकच व्यक्ती असून
ती माझी आई आहे,
असं सत्यप्रतिज्ञेवर लिहा.
आणि लेक्चर दहाला आहे,
जरा तिसरं बोट पण चालवा.