मॅचिंग सेंटर

दुकानात उदबत्ती फिरवत होते तेवढ्यात
कायतानबाब आले, टिफिनएवढा डबा घेऊन.
आत अस्तराच्या चिंधीवर निजवलेले
सतरा खोटे मासे, पोटाला तिकटे गळ.
म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला गेल्या महिन्यात.
आता उजव्याने बघितलं तर चर्चची भिंत निळसर पांढरी,
डाव्याने बघितलं तर तीच, ताकात हळद पडल्यासारखी.
कोणाचं खरं धरू?
अख्ख्या बाणस्तारीला तू रंग जुळवून देतेस.
मलाही दे.

मी म्हटलं, कशाशी?
बायका साडी आणतात, मग मी ब्लाउजपीस काढते.
तुमची साडी कुठाय?

हसले नाहीत.
पुलाखाली आहे, म्हणाले. वाहती आहे,
म्हणून आणली नाही.

शुक्रवारचा बाजार उठला, मी शटर ओढलं.
वाटेत पोरं नरकासुराला कागद चिकटवत होती.
होडीत बसले, पर्स मांडीवर घट्ट.
बावीस वर्षं या पुलावरून बसने जाते,
पाण्याकडे कधी कापड म्हणून बघितलं नव्हतं.

काठाशी होतं कोऱ्या चहाचं.
मध्ये, जिथून बार्ज जातात, तिथे विटकरी, जाड, पोत नसलेलं.
आणि मानशीच्या फळ्यांखाली,
जिथे खाजनातलं पाणी ओहोटीला बाहेर पडतं,
तिथे बाटलीचा हिरवा, इतका नितळ
की दोरखंडाचा गाठोडा तळाशी दिसत होता.
एकाच नदीला तीन पदर.
मी बोलत गेले, ते मान हलवत गेले.

नितळात चांदी चालेल, म्हटलं, पण जरीची नको,
खवल्यागत मिणमिणती हवी.
विटकरीत पोपटी काढा, तोच भडक,
जो मी लग्नाच्या गिऱ्हाइकालाही दाखवत नाही.
आणि हा डाळिंबी?
तो ठेवून दे, ते म्हणाले. वांवभर खाली गेला
की डाळिंबी डाळिंबी राहत नाही, काजळी होतो.
मला पटलं. ट्यूबलाइटखाली जांभळं घेऊन गेलेली बाई
दुसऱ्या दिवशी आमसुली म्हणून परत आणते.
रंग कापडात थोडा असतो, बाकी उजेडात.

ऊन उतरलं. बगळे चोडणच्या बाजूला गेले.
ते पोपटीच फेकत होते, परत परत,
पाणी लागलेल्या जुन्या सवयीसारखे.
मी म्हटलं, आता काळा.
काळा? संध्याकाळी? दिसेल कसा?
तुम्हाला नाही, त्याला.
तो खालून बघतो ना? मग त्याचं कापड आभाळ.
आभाळ अजून फिकट आहे.
फिकटावर काळा उठून दिसतो,
काठावरच्या शिलाईसारखा.

दुकानात बोहनीला मी काळा कधी काढत नाही.
इथे तो माझ्या हाताने दिला, गळ बोटाला लागला,
आणि वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या फेकीला पाणी फाटलं.
दोरी मानशीच्या खांबाला घासली,
कायतानबाब कोंकणीत देवाला आणि शिवीला
एकाच श्वासात आठवले.
चोणक वर आला तेव्हा अंधार पडला होता.
मी मोबाइलचा उजेड धरला
आणि त्याचा डोळा पेटला.
लाल नव्हे. सोनेरीही नव्हे.
शेंदरी म्हणायला गेले, तोवर बदलला.

कसला रंग गं? त्यांनी विचारलं,
आधी डावा डोळा झाकून, मग उजवा.
मी मनातली सगळी थानं उलगडून पाहिली,
अगदी वरच्या फळीवरची, धूळ बसलेली.
म्हटलं, माहीत नाही.
माझ्याकडे हा नाही.

माशाच्या कल्ल्यातून काळा खोटा मासा सोडवताना
त्याच्या पाठीवरचा रंग थोडा उडाला होता,
खाली लाकूड. साधं, फणसाचं, पिवळं.
की डाव्या डोळ्याचं पिवळं, कोण जाणे.
सोमवारी नेलपॉलिश घेऊन येतो म्हणाले.