हजेरी

बेटावर माणसं एकोणीस,
त्यातली दोन आज ओबनला, दाताच्या डॉक्टरकडे.
किल्ली इशबेलबाईंच्या गमबुटात.
"कला शाळेत आहे," म्हणाल्या,
"मेंढ्यांना आत घेऊ नकोस."

आत नऊ बाकं. प्रत्येकाखाली स्पीकर,
स्पीकरमधून फक्त श्वास,
इथे शिकून गेलेल्यांचे.
तिसऱ्या बाकाला दमा.
"तो कॅलम, कॅनडात असतो.
खिडकीजवळची मी."
दोन बाकं गप्प. वायरी मात्र
नीट जोडलेल्या.

मी मागच्या बाकावर बसले, गुडघे मावेनात.
दार वारा ढकलत होता की मेंढी, कळेना,
आणि कुणी नाव पुकारलेलं नसताना
तोंडून निसटलं: हजर.

इशबेलबाईंनी घड्याळ पाहिलं.
"चारची बोट चुकली," म्हणाल्या,
"तर आम्ही वीस."