नियम सतरा

मागच्या खोलीतला कूलर पाच उन्हाळे रुसला होता.
एप्रिल उजाडला की मुका,
जून लागला की आपोआप शहाणा.
लांजेवार मिस्त्रीनं मोटर नेली, दुकानात ती भन्नाट फिरली;
तरी बदलली. पंप बदलला,
सीताबर्डीहून नवा कंडेन्सर आणला.
शेवटी पैसे घेताना त्यालाच लाज वाटली.
सेहेचाळीस अंशांत आम्ही
फरशीवर ओली चादर अंथरून झोपलो.

परवा, घर चालवणारा डबा म्हातारा झाला म्हणून
सगळे नियम कागदावर उतरवत होतो.
सतरावा:
मागचा कूलर, एप्रिल-मे, बंद. तात्पुरतं.
शब्द माझेच. कारण नाही.

कुमुद सांभारवडीसाठी कोथिंबीर निवडत होती.
"अरे, होल्यानं अंडी घातली होती ना त्याच्यात!
तूच म्हणला होता, पिल्लं उडेपर्यंत."

पिल्लं कधीच उडाली.
त्यांची पतवंडं आता फुटाळ्याकडे कुठे घुमत असतील.
घर मात्र दिल्या शब्दाला जागत होतं.

आता मीटरच्या पेटीत वही टांगली आहे,
सुतळीला पेन्सिल.
काय करायचं ते डब्याला ठाऊक असतं;
वहीत फक्त काहून, आणि कधीपर्यंत.
आणि प्रत्येक खोलीत, दाराशी,
एक साधं खटक्याचं बटण,
अंधारात हाताला सापडेल असं,
माझ्यावाचून चालेल असं.

सतरावा खोडला.
कूलर खोकला, धूळ ओकला,
मग वाळ्याचा वास.

"लिही वहीत," कुमुद म्हणाली, "आज सुरू केला."
कारण काय लिहू?
"काहून काय? उकडते म्हणून."