मांडीवरची टोपी

नारीनमध्ये फेब्रुवारी सरता सरता
पासपोर्टवाले येऊ लागतात.
रस्त्याकडेचा बर्फ अजून काळा, टणक,
आणि पोरं गाडी सुटल्यासारखी घाईत.
नोवोसिबिर्स्क, मॉस्को, कुठलंसं गोदाम, कुठलंसं बांधकाम.
मी म्हणते, मान सरळ. हनुवटी खाली. दात नकोत.
दिवसातून चाळीस वेळा माणसांना
हसू नका म्हणते
आणि त्याचेच पैसे घेते.

मागे पांढरा पडदा. नियमच तसा.
समुद्राचा पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा:
दोन माड, एक होडी,
या गावात कुणीच न पाहिलेलं पाणी.
त्याचा हंगाम वेगळा.

मेमध्ये शाळेची शेवटची घंटा होते,
मुली झालरीचे एप्रन घालून येतात, रडून नाकं लाल,
मग म्हणतात, तेवढं नाक गोरं करा.
जुलैत मी वर कुरणांकडे जाते,
गाडीच्या बॅटरीवर चालणारा प्रिंटर घेऊन.
तिथे माणसाआधी घोडा उभा करतात.
"कान आले का बघा" म्हणतात. घोड्याचे.
बायको अर्धी कापली गेली तरी चालते.
सप्टेंबरच्या एक तारखेला डोक्याएवढ्या रिबिनी,
डिसेंबरात माझा दीर कापसाची दाढी लावून हिमबाबा होतो.
पोरं भोकाड पसरतात,
आयांना नेमके तेच फोटो हवे असतात.
जानेवारीत कुणी फिरकत नाही.
बाहेरून आणलेला कॅमेरा तासभर पिशवीतच ठेवायचा,
नाहीतर भिंगाला घाम फुटतो.

तेमिरकुल आला तो असल्याच एका मार्चात.
काझानला निघालेला, लेकीकडे, गुडघ्याच्या ऑपरेशनला.
डोक्यावर नमद्याची पांढरी कल्पाक, उंच,
कडांना चहाचा रंग चढलेला.
म्हटलं, आजोबा, टोपी काढावी लागेल.
"कुणासमोर?"
म्हटलं, सरकारसमोर.
थोडा वेळ गेला.
मग दोन्ही हातांनी उतरवली,
काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं उतरवावं तशी,
आणि स्टुलावर नाही, खुंटीवर नाही,
मांडीवर ठेवली, वर तळवा झाकून.
आधी टोपी काढली, मग फोटो.
चौकटीत ती आली नाही.
खांदे तेवढे जरा पुढे झुकलेले आले.

तीन वर्षांनी त्याची सून आली, बुरमा.
बर्फ वितळला की इथे थडग्यांचे दगड बसवतात.
काळ्या दगडावर चेहरा कोरायचा, तर कोरणारा म्हणतो, फोटो आणा.
आख्ख्या घरात त्याचा एकच धड फोटो, माझा.
"उघड्या डोक्याने नको," ती म्हणाली,
"तिकडे असा कसा उभा राहील तो?"
आणि पिशवीतून टोपी काढून टेबलावर ठेवली.
मग घाईने उचलून परत हातात धरली.

नातू बसवला. मेदेत, आठ वर्षांचा.
तीच खुर्ची, तोच दिवा.
टोपी भुवयांवर घसरायला लागली तशी
आत वर्तमानपत्र कोंबलं.
दात नकोत असं मी काही म्हटलं नव्हतं,
तरी त्याने ओठ मिटून घेतले.

रात्री कॉम्प्युटरवर
नातवाच्या डोक्यावरची टोपी मी आजोबाच्या डोक्यावर ठेवली.
केसभर डावीकडे. परत उजवीकडे.
जाता जाता बुरमाने विचारलं होतं,
जरासं हसू टाकता येईल?
येतं की. ओठाचा कोपरा दोन ठिपके वर.
टाकून पाहिलं.
कुणी भलताच माणूस, विमा विकणारा,
माझ्याकडे बघून हसला.
पुसून टाकलं.

दोन दिवसांनी कोरणाऱ्याचा फोन.
"म्हातारा वाकलाय जरा. खांदे सरळ करू?"
दारात पासपोर्टवाल्यांची रांग होती,
एकजण आरशात हसू मिटवायचा सराव करत होता.
म्हटलं, नको. राहू दे.
मांडीवर आहे त्याच्या काहीतरी.