अंदाजपत्रक

शिमोन कासदेकरनं कुलूप काढलं
आणि दार जरासं उचलून ढकललं,
बिजागरीची खोड ठाऊक असल्यासारखं.
"चपला असू द्या जी पायात,
इथं चालते."
तरी मी काढल्या.
एप्रिलातही थंड होती फरशी,
लाल, पिवळी, मध्येच काळं फूल.
कुठल्या बोटीत भरली असेल,
आणि बोटीनंतर किती बैल लागले असतील
घाटाखालच्या या कॅम्पापर्यंत.

मी आलो होतो बाकं मोजायला.
अकरा. त्यातली तीन वाळवीनं पोखरलेली.
पाठीच्या फळीला हातहातभर अंतरानं खाचा.
"सोजीर लोकं बंदुका ठेवत तिथं,
प्रार्थना होईस्तोवर."
आता एका खाचेत छत्री होती,
कोणाची तरी, गेल्या पावसाळ्यापासून.

पुस्तक पितळी गरुडाच्या पंखांवर.
चोच हात लागून लागून बोथट झालेली.
पोरं लावतात. शिमोननंही लावला, जाता जाता.
भिंतीत संगमरवर, त्यावर कोणाची लेक.
नाव मला वाचता आलं नाही,
आकडे आले.
दोन वर्षं, सात महिने.
"पटकी," शिमोन म्हणाला.

वेदीमागच्या खिडकीत मेंढपाळ,
झगा निळा, खांद्यावर कोकरू,
आणि गुडघ्याशी, जिथली काच वादळात गेली,
तिथं चिकटवलेला एक्स-रे.
सकाळचं ऊन त्या फासळ्यांतून गाळून
निळ्या-तांबड्याच्या शेजारी
थोडं राखाडीही सांडत होतं बाकावर.
"कोणाचा?"
"आमच्या घरच्यांचा."
आणि तो मेणबत्तीचं मेण खरवडत राहिला.

मोजता मोजता ऊन फिरलं,
मोठ्या दारात आलं.
तेव्हा शिमोननं दानाची थाळी उचलली,
उंबऱ्यात उभा राहिला,
ऊन धरलं थाळीत
आणि फेकलं वर, छपरात.

बाप्पा!
मेळघाटचं सागवान,
कैचीमागून कैची,
खिळा एक नाही,
सगळी कूस-साळ, सगळ्या लाकडी खुंट्या.
वटवाघळं चिडून सरकली.
"थांबा, तिथंच धरा."
सांध्याच्या अलीकडे पटाशीनं कोरलेला ५.
पलीकडे ५.
पुढच्या सांध्याला ६ आणि ६.
आमचा बाप दाराच्या चौकटी अशाच करायचा,
अंगणात कापायचा, आकडे घालायचा,
मग उभं करताना ओरडायचा,
पाचाला पाच लावा रे.

खाली भिंतभर त्यांची नावं,
हुद्दे, पलटणी, सोनेरी अक्षरं.
वर तो पाच, शेपूट जरा लांबलेली,
घाईत असावा कोणी,
किंवा शिकाऊ.

हात भरून आला शिमोनचा.
ऊन घसरलं,
संगमरवरावरून गेलं, फरशीवर पडलं.

वहीत लिहिलं:
बाकं तीन, सागवान सव्वादोन घनफूट,
पॉलिश, खिळे.
खिळे खोडलं.
मजुरीपुढची जागा कोरी सोडली.

घरी आल्यावर कळलं, टेप तिथंच राहिला.
त्या छत्रीपाशी, बहुतेक.